दोनशे बार चालतात, अर्धा नाही

ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांपुढच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ५,००० वरून १०,००० रुपये केले, तेव्हापासून आमच्या टपालाची तऱ्हाच बदलली आहे. एरवी पत्रे येतात ती रिंग गॅपची, हेड फेसिंगची, नाहीतर अमक्या टर्बोला किती मिलिमीटरचा ऑइल रेस्ट्रिक्टर घालावा याची. आता येतात ती पासिंगची. एप्रिल २०२२ पूर्वी हेच काम ६०० रुपयांत होत होते, अशी आठवण बहुतेकांनी करून दिली आहे. आठवण आम्हालाही आहे. पण खरे सांगायचे तर या दहा हजारांचे आम्हाला फारसे काही वाटत नाही. जे गिऱ्हाईक जुन्या एस्टीममध्ये फोर्ज्ड पिस्टन, नवे रॉड, इंटरकूलर आणि स्टँडअलोन ईसीयू घालायला निघाले आहे, त्याच्या एकूण बिलात ही रक्कम शोधावी लागते. दुखणे निराळे आहे. पैसे भरून झाल्यावर गाडी निरीक्षकापुढे उभी राहते, बॉनेट वर जाते, आणि मग जे सुरू होते ते आमचे दुखणे.

या महिन्यात आलेली दोन पत्रे शेजारी शेजारी ठेवतो. गावे आणि कार्यालये मुद्दाम गाळली आहेत.

पहिले पत्र मारुती ८०० बद्दल. गाडी १९९६ ची, एकाच घरात वाढलेली. इंजिन कारखान्यातून आले तेच. फक्त पहिल्या ओव्हरसाइझवर बोअर मारलेला. टर्बो नाही, मॅप नाही, साधा रंगीत एअर फिल्टरसुद्धा नाही. ही गाडी परत पाठवली गेली. कारण, इंजिन नंबर जुळत नाही. ब्लॉकवर कोरले आहे ‘एफ-आठ-बी’ आणि संगणकात आहे ‘एफ-बी-बी’. जुन्या आरसी बुकावरून माहिती भरताना कुणाच्या तरी बोटाने आठाचा बी केला. या मालिकेचे इंजिन ‘एफ८बी’ असते हे आमच्या गॅरेजमधल्या नव्या पोराला ठाऊक आहे. पण चूक कुणाची, हा प्रश्न कार्यालयाला पडत नाही. पेन्सिल प्रिंट आणा. आणला. फिकट आहे, पुन्हा आणा. पुन्हा आणला. आता मूळ विक्री बिल आणा. गाडी विकणारे दुकान कधीच बंद झाले, त्या जागी हल्ली मिसळ मिळते. बरे, मग त्या दुकानदाराचे पत्र आणा! पाच फेऱ्या झाल्या, मालकाने रजा संपवल्या, आणि बिचारी ८०० अजून आच्छादनाखाली उभी आहे.

दुसरे पत्र २००१ च्या एमपीएफआय एस्टीमचे. १२९८ सीसी, ०.६ बार बूस्ट, बंपरमागे इंटरकूलर, मॅनिफोल्ड घरी वेल्ड केलेला. वेळ कमी होता म्हणून पठ्ठ्याने टर्बो न उतरवताच गाडी नेली. निरीक्षकाने बॉनेट उचलले, त्या गोगलगाईसारख्या हाउसिंगकडे बोट केले आणि विचारले, “हा एसीचा का?” एजंट म्हणाला, “हो साहेब.” इंजिन नंबर जुळला. गाडी पास.

पत्रलेखकाने हे हसत हसत लिहिले आहे. आम्हाला हसू आले नाही. म्हणजे थोडे आले. पण ज्या तपासणीत न बदललेले इंजिन नापास होते आणि दीडपट हवा पिणारे इंजिन एसीच्या नावाखाली सुटते, ती तपासणी नेमकी कशाची? आकड्यांची. इंजिनाची नव्हे.

आता कायद्याकडे. कलम ५२ तुम्हाला पाठ आहे असे धरतो. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उत्पादकाच्या मूळ तपशिलाला छेद देणारा बदल चालणार नाही. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि या कलमाला एक परंतुक जोडले गेले. बदलासाठी आणि रेट्रोफिटिंगसाठी मानके आणि मंजुरीच्या अटी केंद्र सरकार ठरवून देऊ शकेल, अशा अर्थाचे. ‘शकेल.’ आपला सगळा धंदा या एका क्रियापदाला टांगलेला आहे.

कारण जिथे ठरवायचे होते तिथे सरकारने ठरवले आहे. सीएनजी किटला नियम आहेत, एलपीजीला आहेत, जुनी गाडी विजेवर न्यायची तर त्यालाही आहेत. किट बनवणारा तपासणी संस्थेकडे जातो (आपल्या पुण्यातली एआरएआय त्यांतलीच एक), चाचण्या करून मंजुरी मिळवतो, अधिकृत फिटर किट बसवतो, आरसीवर इंधनाचा रकाना बदलतो. उत्तम व्यवस्था आहे, आमची तिच्याबद्दल तक्रार नाही. पण मागच्या सीटवर मुले बसतात, त्यांच्या पाठीला लागून २०० बार दाबाची टाकी ठेवायला ज्या देशात रीतसर वाट आहे, तिथे इनटेकमध्ये अर्धा बार वाढवायला अर्जाचा नमुनासुद्धा नसावा? टर्बोने घनक्षमता बदलत नाही, सिलिंडर वाढत नाहीत, इंधन तेच राहते. आरसीवर रंगाला रकाना आहे, बूस्टला नाही. प्रामाणिकपणे कळवायचे ठरवले तरी कुठे लिहायचे, हे खिडकीपलीकडच्या माणसालाही सांगता येत नाही. जर्मनीत एकेक गाडी स्वतंत्रपणे तपासून बदल कागदावर चढवता येतो. ऑस्ट्रेलियात ‘व्हीएसबी १४’ नावाची संहिता आहे. टर्बो बसवल्यावर ब्रेकपासून काय काय पाहायचे ते तिच्यात आहे आणि मान्यताप्राप्त माणूस ते पाहून सही करतो. धुराच्या बाबतीत सर्वांत कडक म्हणावे अशा कॅलिफोर्नियातही चाचणी उतरलेल्या किटला हुकूम क्रमांक मिळतो. आपण मागतो ते एवढेच.

व्हिंटेजची पळवाट सुचवणाऱ्या वाचकांनी कृपया २०२१ चा नियम पुन्हा वाचावा. ५० वर्षे पूर्ण हवीत, आणि सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. जुन्या पद्मिनीला टर्बो लावून ‘व्हीए’ची पाटी मिळणार नाही.

आणि ज्यांना वाटते की गाडी मालकाची, जबाबदारी मालकाची, आपण फक्त पाना फिरवणारे, त्यांच्यासाठी एक कटू बातमी. कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हे सर्वांना माहीत आहे. पण त्याच कलमाच्या पहिल्या पोटकलमात ‘डीलर’ हा शब्द आहे: सातव्या प्रकरणातल्या नियमांविरुद्ध गाडीत बदल करणाऱ्या डीलरला गाडीमागे एक लाख रुपये दंड, वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. डीलर म्हणजे शोरूमवाला, असे समजू नका. कलम २ मधली व्याख्या काढून बघा. मोटारींच्या दुरुस्तीचा व्यवसाय करणारा माणूस तिच्यात बसतो. म्हणजे तुम्ही आणि आम्ही.

“संपादकांनी परिवहन खात्याकडे शिष्टमंडळ न्यावे” असे दर महिन्याला कुणी ना कुणी लिहितो. जरूर नेऊ. पण काय घेऊन जायचे? गेल्या वर्षी याच पानावरून आम्ही विनंती केली होती की प्रत्येकाने आपल्या एका बिल्डची संपूर्ण कागदपत्रे पाठवावी. तीन पाकिटे आली. एकात फक्त बिल होते, तेही पार्टचे नाव न लिहिता. दुसऱ्यात फोटो. तिसऱ्यात पेन ड्राइव्ह, आणि त्यात सायलेन्सरमधून ज्वाळा ओकणाऱ्या गाडीचा व्हिडिओ. मागे गाणेसुद्धा होते. हा पुरावा अधिकाऱ्यापुढे ठेवला तर तो परंतुक सोडून थेट दंडाचे पोटकलम उघडेल, आणि त्याचे काही चुकणार नाही.

कारण आपले काम बंद शटरआडचे असल्यामुळे त्यात काय खपते ते आपल्याला माहीत आहे. जुन्या बाजारात स्विफ्ट डिझेलचा टर्बो स्वस्त मिळतो म्हणून तो पेट्रोल इंजिनाला टांगायचा. डिझेलचा एक्झॉस्ट ८०० अंशांच्या आसपास राहतो, पेट्रोलचा लोडवर ९०० च्या वर जातो. ती टर्बाइन आणि ते हाउसिंग कशावर बेतले आहे याचा विचार नाही. ऑइल रिटर्नला दहा मिलिमीटरचा होज, तोही वर चढवून मग खाली आणलेला. तेल तिथून फक्त स्वतःच्या वजनाने उतरते, त्याला जाड, सरळ उताराचा आणि संपमधल्या तेलाच्या पातळीच्या वर उघडणारा रस्ता हवा, हे आम्ही किती वेळा छापले असेल! मग टर्बो धूर काढू लागला की सील खराब, माल डुप्लिकेट, दुकानदार चोर. ७४ मिलिमीटरच्या बोअरला वरच्या रिंगचा गॅप टर्बोसाठी ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या घरात लागतो. डब्यातून काढली तशी रिंग घालायची, गरम झाल्यावर तिची टोके एकमेकांना भिडली आणि रिंग लँड तुटली की दोष पंपावरच्या पेट्रोलचा.

पेट्रोलचा विषय निघालाच आहे तर. ई२० आल्यापासून “जुना मॅप लीन जातोय” अशी ओरड आहे. जाणारच. ई१० चे स्टॉइकिओमेट्रिक गुणोत्तर साधारण १४.१ आहे, ई२० चे १३.५ च्या आसपास. ओपन लूपमध्ये, म्हणजे नेमक्या बूस्टच्या वेळी, ई१० वर बसवलेला मॅप आज चारेक टक्के लीन चालतो. पूर्वी काठावर बसवला असेल तर आता काठाच्या पलीकडे आहे. उपाय सोपा आहे: गेजवरचा एएफआर विसरा, लॅम्डा वाचा. फुल लोडला ०.८० ते ०.८२ हा लॅम्डा कोणत्याही मिश्रणात तोच अर्थ सांगतो. इथेनॉलचा गारवा आणि नॉक सोसण्याची ताकद हा आपला फायदाच आहे, पण तो घ्यायला आधी इंजेक्टरमध्ये जागा हवी. इंजेक्टर ९५ टक्के ड्यूटीवर पळवणाऱ्याला तो मिळणार नाही. शिवाय वीस वर्षांपूर्वीचे रबरी होज आणि डायफ्राम या इंधनासाठी नव्हते. इंजिनावर दोन लाख घालणारी गिऱ्हाइके फ्युएल लाइन बदलायला कुरकुरतात. ऐकू नका. बदला, आणि बिलात लिहा.

ब्रेकबद्दल तर न बोललेले बरे. गेल्या पावसाळ्यात आमच्या शेडमध्ये एक ८०० आली होती, ताकद मूळच्या दुपटीच्या घरात आणि मागचे ड्रम कारखान्याचे. मालकाला विचारले, उतारावर थांबते का? म्हणाला, अजून उतारावर नेली नाही.

सगळेच असे नाहीत, हे आम्ही जाणतो. सांगली-कोल्हापूरपासून नाशिकपर्यंत असे हात आहेत जे क्रँक बॅलन्स केल्याशिवाय इंजिन बांधत नाहीत, आणि चेन्नई-कोइंबतूरच्या ट्रॅकवर आपली गाडी उघड्यावर, नियमात पळवतात. अडचण अशी की त्यांचे कामही आरसीच्या दृष्टीने त्या उतारावर न नेलेल्या ८०० च्याच रांगेत उभे आहे. पासिंगच्या आदल्या रात्री टर्बो उतरवायचा, जुना मॅनिफोल्ड चढवायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा उलट. निष्णात माणसाचे दोन दिवस चोरासारखे जातात, आणि मॅनिफोल्डच्या स्टडवर विनाकारण एक फेरा जास्त पडतो.

म्हणून या महिन्यात अंकासोबत एक कोरे पत्रक घातले आहे. ते फाडून घ्या. प्रत्येक गॅरेजने एका गाडीचे भरून पाठवायचे. ज्या गाडीची तुम्हाला लाज वाटणार नाही अशी एक निवडा. गाडीचे वर्ष, इंजिनाची मालिका, कॉम्प्रेशन रेशो आधी किती आणि आता किती, पिस्टन-रॉड-गॅस्केट कशाचे, टर्बो कोणता आणि तो मूळचा कोणत्या इंजिनाचा, कमाल बूस्ट, फुल लोडचा लॅम्डा, डायनोचा आकडा असेल तर कुठल्या डायनोवरचा. त्याच ओळीत ब्रेक, टायर, रेडिएटर यांत काय बदलले. आणि पीयूसीची प्रत, टर्बो चढवलेला असतानाची. आयडलला बूस्ट नसतो, त्यामुळे पीयूसीने सगळे सिद्ध होत नाही हे आम्हाला कळते; पण नीट ट्यून केलेले इंजिन तिथेही नापास होत असेल तर पुढे बोलायची सोय नाही. जे बिघडले तेही लिहा: किती किलोमीटरवर, काय गेले, का गेले. अधिकारी पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.

मालकाचे नाव नको, गाडीचा नंबर नको, तुमचे नावही नको असेल तर लिहू नका. पत्रके आम्ही परत करणार नाही आणि नावानिशी कुणाला दाखवणार नाही. पन्नास जमली की त्यांचा तक्ता करून, सीएनजीच्या धर्तीवर टर्बो किटची मंजुरी आणि एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी अशा दोन मागण्यांसह निवेदन जाईल. त्याची प्रत या पानावर छापू. पन्नास जमली नाहीत तर तेही छापू, आकड्यासकट.

आणि ज्यांची गाडी ‘एफ-बी-बी’मुळे अडली आहे त्यांनी स्वतंत्र पाकीट करावे. त्यात आरसीची प्रत, ब्लॉकवरच्या नंबरचा स्वच्छ फोटो आणि आजवरच्या फेऱ्यांच्या तारखा हव्यात. ब्लॉकला पावडर कोटिंग करण्यापूर्वी नंबरावर टेप लावत चला, हे गेल्या तीन महिन्यांत चौथ्यांदा लिहीत आहोत.