‘मनात आण’ म्हणणाऱ्यांना

एका दिवाळी अंकात एका व्यासंगी गृहस्थांचा लेख वाचला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बाईची कामेच्छा मनात असते, तेव्हा तिला क्रीम आणि जेल देणं हा खुळेपणा आहे, संबंधात त्रास होणं हा आजारच औषध कंपन्यांनी धंद्यासाठी काढला, इस्ट्रोजेननं कॅन्सर होतो, आपल्या आज्यांना असलं काही लागलं नाही, आणि नवरा दोन शब्द गोड बोलला की सगळं जुळून येतं. पाच मुद्दे, आणि पाचही एकाही बाईला न विचारता मांडलेले.

आज्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांना विचारणारं कुणी नव्हतं. कंपन्या लोभी आहेत, हे कबूल. त्या मधुमेहाचीही औषधं विकतात, म्हणून मधुमेह खोटा ठरत नाही.

मनाच्या मुद्द्याचा मात्र मला खरा संताप येतो. योनीच्या भिंतीत ओलावा तयार करणारी ग्रंथी नसते. उत्तेजना आली की तिथल्या रक्तवाहिन्या फुलतात, रक्त वाढतं आणि रक्तातला द्रव भिंतीतून झिरपतो. मुख्य ओलावा तोच. शिश्निकेतही रक्त भरतं, तेव्हा स्पर्श नीट पोचतो. त्या भिंतीची जाडी, लवचीकपणा आणि रक्तपुरवठा इस्ट्रोजेनवर टिकून असतो. आपल्याकडे बायकांची पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी जाते. त्यानंतर भिंत पातळ होते, कोरडी पडते, स्पर्श बोथट होतो, संबंधाच्या वेळी आग होते, कधी रक्त येतं, लघवीला जळजळ लागते. यात मनानं नेमकं काय करायचं? चाळिशी उलटल्यावर सुईत दोरा जाईना झाला की आपण चष्मा आणतो. ‘मनात आण, जाईल दोरा’ असं कुणी सांगत नाही.

आणि हे फक्त वयाचं नाही. बाळ अंगावर पीत असतं तेव्हा पंचविशीतल्या आईचंही इस्ट्रोजेन खाली असतं. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी जाणीव मंदावते. स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारांनी कोरडेपणा येतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये गाजलं. त्यांतल्या कित्येक जणी ऐन तिशीतल्या होत्या. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशय काढले की रजोनिवृत्ती ऑपरेशन टेबलावरच येते. अशा बाईला घरी पाठवताना पुढे काय होणार हे कोण सांगतं? वर्षभरानं ती नवऱ्याला टाळू लागली की तिचं मन उडालं म्हणायला सगळे तयार.

मन यात येतं, पण बहुतेकदा मागून. प्रत्येक वेळी दुखलं की शरीर आधीच आखडतं, मग इच्छा हळूहळू आटते. दुखण्यानं मनाला शिकवलेलं असतं, आणि आमचे विद्वान मनालाच आरोपी करतात. ज्या घरात धाक आहे, दारू आहे, तिथे कुठलंही क्रीम उपयोगी पडत नाही, हे मीही मानते. पण नवरा प्रेमळ असला तरी त्याच्या गोड बोलण्यानं पातळ झालेली भिंत जाड होत नाही.

हा वाद मराठीला नवा नाही. 1927 ते 1953 या काळात मुंबईतून एक मासिक निघत होतं. वाचक आपले लैंगिक प्रश्न त्यात विचारत आणि संपादक सरळ उत्तरं छापत. बदल्यात त्या संपादकाला अश्लीलतेचे खटले मिळाले. बायकांना सुखाचा हक्क आहे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तेव्हाच्या विरोधकांना शरीराचा उल्लेख सोसत नव्हता. आताचे विरोधक उल्लेख सोसतात, उपचार सोसत नाहीत.

व्हायग्राच्या कंपनीनं बायकांवरच्या चाचण्या 2004 मध्ये थांबवल्या, हा दाखला या मंडळींचा लाडका. इच्छा नसणं आणि इच्छा असून शरीरानं साथ न देणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. एक गोळी दोन्हींना पुरली नाही, म्हणून दुसरं दुखणं नाहीसं झालं काय?

कॅन्सरची भीती 2002 च्या अमेरिकी चाचणीतून पसरली. त्यातल्या बायका इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनची गोळी रोज तोंडानं घेत होत्या. योनीत लावायच्या कमी मात्रेच्या इस्ट्रोजेन क्रीममुळे रक्तातलं त्याचं प्रमाण पाळी गेलेल्या बाईच्या नेहमीच्या पातळीतच राहतं. ज्यांना स्तनाचा कॅन्सर झालेला आहे त्यांनी आपल्या कॅन्सरतज्ज्ञाला विचारूनच पुढे जावं.

मग करायचं काय? डॉक्टरांच्या चिठ्ठीनं इस्ट्रिऑल या इस्ट्रोजेनचं क्रीम: साधारणपणे पहिले दोन-तीन आठवडे रोज रात्री, पुढे आठवड्यातून दोनदा. गुण यायला काही आठवडे लागतात आणि सोडलं की त्रास परततो, म्हणून चालू ठेवायचं. हार्मोन नको असेल तर योनीसाठीचं मॉइश्चरायझर, आणि संबंधाच्या वेळी पाण्याच्या बेसचं ल्युब्रिकंट. कंडोम वापरत असाल तर तेल किंवा व्हॅसलीन नको, रबर फाटतं. सिल्डेनाफिलचं, म्हणजे व्हायग्रातल्याच औषधाचं, क्रीम अमेरिकेत तपासलं गेलं, पण पुरावा अजून भक्कम नाही, तेव्हा त्याच्या मागे धावू नये. ‘घट्टपणा’ विकणारी जेलं घेऊ नयेत. त्यांचा बाईच्या सुखाशी संबंध नाही.

पाळी गेल्यावर इच्छाच आटली असेल आणि त्याचा बाईला स्वतःला त्रास होत असेल, तर कातडीवर लावायचं टेस्टोस्टेरॉन हा एक मार्ग आहे. ऑस्ट्रेलियात 2020 मध्ये बायकांच्या मात्रेच्या क्रीमला मान्यता मिळाली. इतरत्र अनेक डॉक्टर पुरुषांचं जेल सुमारे दहाव्या हिश्शावर आणून देतात आणि रक्त तपासत राहतात. आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी पाळी गेलेल्या, पिशवी काढलेल्या प्रत्येकीला ‘संबंधाच्या वेळी दुखतं का, स्पर्श जाणवतो का’ हे स्वतःहून विचारावं, सासूला आणि नवऱ्याला बाहेर बसवून. आणि बायकांच्या मात्रेचं टेस्टोस्टेरॉन क्रीम इथे तपासून बाजारात आणा, अशी मागणी त्यांच्या संघटनांनी औषध नियंत्रकांकडे लावून धरावी.