ठक्!

मुलांनो, गेल्या मे महिन्यात मी एक पराक्रम केला. वर्गात सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे सांगते.

गिरगावात आमच्या शेजारी गोव्याचे एक अंकल राहतात. पूर्वी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात डबल बास वाजवायचे. डबल बास म्हणजे व्हायोलिनच्या घरातले आजोबाच! उंची जवळजवळ ६ फूट. तारा चार: मि, ला, रे, सोल. गिटारच्या जाड चार तारांचेच सूर, पण एक सप्तक खाली. अंकलचा बास त्यांच्या वडिलांचा. कित्येक वर्षं खोळ घालून कोपऱ्यात उभा होता. १३ वर्षांची नात म्हणाली, "शापाय, मला शिकव ना." शापाय म्हणजे आजोबा, बरं का! झालं, बास बाहेर आला.

त्यावर ही धूळ! मी म्हटलं, "अंकल, तुम्ही चहा घ्या, मी पुसते." पुसायचं तर नीट पुसावं, म्हणून मी चारही तारा सैल करून काढल्या. घोडी आपोआप हातात आली. आणि बासच्या पोटात आवाज झाला, ठक्!

अंकलनी कप खाली ठेवला. "टीचर, आत्मा पडला."

गंमत अशी, की बासची घोडी चिकटवलेली नसते. तारांच्या दाबानेच ती उभी राहते. तिच्या एका पायाच्या जरा मागे, आतल्या बाजूला, पुढची फळी आणि पाठ यांच्यामध्ये लाकडाची एक गोल काठी असते. तीही नुसती दाबावरच! घोडीची थरथर तीच पाठीपर्यंत पोचवते. इटालियन लोक या काठीला चक्क 'आत्मा' म्हणतात. म्हणून तारा काढायच्या त्या एकेक करून. अंकल एवढंच बोलले, रागावले नाहीत. तेच मला जास्त लागलं.

मग तीन संध्याकाळी मी टॉर्च धरून उभी. 'एफ'सारख्या भोकातून वाकडी सळई घालून अंकल ती काठी उभी करायचे आणि ती पडायची. शेवटी उभी राहिली, तर आवाज घोगरा. पुन्हा जराशी सरकवली. पाठीची एक सांधही सुटली होती, ती गरम सरसाने जोडली.

आता नातीची पाळी. तळाची लोखंडी दांडी आत ढकलून बास तिच्या उंचीला आणला. सुरांमधलं अंतर एवढं, की तिसरं बोट आणि करंगळी मिळून एकच सूर दाबायचा! चौथ्या दिवशी बोटांना फोड आले. "शापाय, हा माझ्यासाठी नाहीच."

तारा फार उंच होत्या. घोडी वडिलांनी बसवलेली, त्यांच्या दणकट हाताच्या मापाची. अंकल कानस घेऊन बराच वेळ नुसते बसले. "एकदा घासलं की परत येत नाही, टीचर." मग घोडीचा माथा त्यांनी थोडा थोडा उतरवला. दर वेळी तारा चढवून नातीला विचारत, "आता?"

हल्ली संध्याकाळी ती 'मि'ची तार छेडते, तेव्हा आमच्या मांडणीवरची ताटं वाजतात. माझ्या सासूबाई म्हणतात, "बसली वाटतं पोर."