पोरांच्या खिशातली पुडी: चंदगडकरांना जाहीर आवाहन



मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळांना कुलूप लागलं, तेव्हा सातवी-आठवीत असलेली मुलं आज कॉलेजात, शेतात किंवा गोवा-बेळगावात कामाला आहेत. त्या वेळी शाळा मोबाइलवर आली आणि रेंजसाठी पोरं माळावर, काजूच्या बागेत जाऊन बसू लागली. मुंबई-पुण्याचं काम सुटून परतलेली थोरली पोरंही तिथंच असायची. घरात पैशाची ओढाताण, आजाराची धास्ती, पुढं काय होणार याचा पत्ता नाही. अशाच रिकाम्या दुपारी कित्येकांच्या हाती माव्याची पहिली पुडी आली. शाळा उघडल्या, पण पुडी सुटली नाही. काहींच्या हाती बाटलीही आली. मुलींच्या मनाचं दुखणं तर दिसतच नाही. जेवण तुटतं, झोप उडते आणि आपण म्हणतो, वयच तसलं आहे. आता धाकटी भावंडं थोरल्यांचं बघून पुडी खायला शिकताहेत. म्हणून विनंती:

पालकांनो, पुडी सापडली तर हात उगारू नका. जवळ बसवून विचारा, कधीपासून खातोस, झोप लागते का? तंबाखू सोडताना सुरुवातीला चिडचिड होते; तो माज समजू नका. रोज पिणाऱ्याची दारू मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम तोडू नका. झटके येऊ शकतात.

दुकानदारांनो, 18 वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं गुन्हा आहे. बाल न्याय कायद्यात अशा मुलाला दारू-तंबाखू देणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. ‘काकांनी मागवलीय’ म्हणून आलेल्या पोराला रिकाम्या हातीच परत पाठवा.

सरपंचांनो, 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. शाळेजवळच्या टपऱ्या आणि गावात चोरून येणारी गोवा बनावटीची दारू यांची तक्रार ग्रामपंचायतीनं स्वतः करावी. एकट्या आईला ते झेपत नाही.

उपचारांसाठी कोल्हापूर लांब पडतं, पण मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी 14446 आहे. ‘जगावंसं वाटत नाही’ असं मूल बोललं, तर त्याला एकटं सोडू नका. लगेच 14416 वर फोन लावा. दोन्ही क्रमांक शाळेच्या फलकावर, दूध संस्थेत आणि एस.टी. थांब्यावर आजच लिहा.

आपले,
तालुक्यातील काही शिक्षक आणि पालक