बोनेटखालच्या विषाचे वकील

गाडीत उंदीर शिरला तर बोनेट उघडावे, विषाची एक वडी बॅटरीशेजारी ठेवावी आणि निवांत झोपावे. बाकीचा सगळा शहाणपणा म्हणजे रिकामटेकड्यांचे चोचले, असे मत जालन्यातल्या एका जाणत्या गृहस्थांनी अलीकडेच चारचौघांत ठासून मांडले. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. गृहस्थ शिकलेले आहेत, व्यवहारात मुरलेले आहेत, त्यांच्या शब्दाला मोंढ्यात वजन आहे. म्हणूनच त्यांचे म्हणणे ऐकून सोडून देता येत नाही. वजनदार माणसाचा चुकीचा सल्लाही घरोघर पाळला जातो, आणि हा सल्ला ज्या घरांत पाळला जाईल त्या घरांत लेकरे आहेत, कुत्री-मांजरे आहेत, कोंबड्या आहेत.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. उंदीर हा शेतकऱ्याचा आणि व्यापाऱ्याचा जन्माचा वैरी, त्याच्याशी बोलायचे ते विषाच्याच भाषेत. हल्लीच्या गाड्यांच्या वायरांना सोयाबीनपासून केलेले आवरण असते म्हणून उंदीर त्या खातो. तेव्हा दोष कंपन्यांचा, मालकाचा नाही. जाळी, पिंजरा, साफसफाई हे पुण्या-मुंबईचे उद्योग; धान्याच्या गावात उंदीर राहणारच. आपल्या वाडवडिलांनीही विषच घातले. आणि ज्याला विषाचे भय वाटते त्याने तंबाखूची पाने, डांबरगोळ्या किंवा ते आवाज काढणारे यंत्र वापरावे.

शेवटच्या मुद्द्याला फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. इंजिनाच्या उष्णतेने तंबाखूचा वास थोड्याच दिवसांत उडतो आणि उरते ते तापत्या सायलेन्सरच्या नळीजवळ ठेवलेले वाळके सरपण. डांबरगोळीची वाफ बंद गाडीत कोंडते, आणि काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी तिने फुटतात. उंदीर मात्र त्या गोळीशेजारी घर करून राहतो. कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाच्या यंत्रांबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ मध्येच साठाहून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना ताकीद दिली होती की, पुराव्याशिवाय दावे करू नका. तो आवाज आडोशापलीकडे जात नाही, आणि बोनेटखाली आडोशांशिवाय दुसरे आहेच काय?

सोयाबीनचा मुद्दा आमच्या भागात लगेच पटतो, कारण सोयाबीन आमच्या वावरातच पिकते. पण उंदीर वायर खात नाही, कुरतडतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात; ते झिजवले नाहीत तर त्याला तोंड मिटता येणार नाही. म्हणून दाताखाली येईल ते तो कुरतडतो: लाकूड, साबण, प्लास्टिक, रबर. ज्याला खात्री करायची असेल त्याने अंबड-घनसावंगीकडच्या कोणत्याही मोसंबीच्या बागायतदाराला विचारावे. ठिबकच्या नळ्या उंदरांनी आणि खारींनी फोडल्याची तक्रार त्याच्या तोंडून ऐकायला मिळेल. त्या नळ्या पॉलिथीनच्या असतात, त्यांत सोयाबीनचा अंशही नसतो. तरी उंदीर त्या सोडत नाही. होंडा कंपनीने वायरांना गुंडाळायची मिरचीच्या तिखटाची पट्टी बाजारात आणली आहे. त्या पट्टीचा काही उपयोग होत असेलही. परंतु कंपनीला दोष देऊन आपल्या पत्र्याच्या शेडमधली ढेपेची पोती अदृश्य होत नाहीत.

आता मुख्य मुद्दा, विषाचा. दुकानात मिळणाऱ्या वड्या बहुतेक ब्रोमॅडिओलोनच्या असतात. हे औषध रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडते. उंदीर ते खाल्ल्याबरोबर मरत नाही. चार-पाच दिवसांनी, कधी आठवड्याने, शरीरातल्या शरीरात रक्तस्राव होऊन मरतो. या दिरंगाईमुळेच ते चालते, कारण कळपातल्या इतरांना संशय येत नाही. पण या चार-पाच दिवसांत उंदीर कुठे असतो? विषाचे वकील सांगतात की त्याला तहान लागते, तो पाणी शोधत बाहेर जातो आणि बाहेरच मरतो. ही समजूत गावोगाव पसरलेली आहे आणि ती साफ खोटी आहे. अशक्त झालेला प्राणी उघड्यावर जात नाही, तो आपल्या सर्वांत सुरक्षित जागी जाऊन पडतो. ज्याचे घरटे गाडीत आहे त्याची सुरक्षित जागा म्हणजे गाडीच. तो डॅशबोर्डमागे मरतो, एसीच्या ब्लोअरमध्ये मरतो, सीटखालच्या फोममध्ये मरतो.

मराठवाड्याच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि काचा बंद करून उन्हात उभी केलेली गाडी भट्टी होते. त्या भट्टीत ब्लोअरमध्ये अडकलेले मेलेले जनावर म्हणजे काय, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. मग मिस्त्रीला संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. एका वायरीचे काम असते तिथे दोन दिवस गाडी गॅरेजला आणि वर वास महिनाभर. हा खर्च स्वस्त विषाच्या हिशोबात या गृहस्थांनी कुठे मांडला आहे? वडी स्वस्त म्हणून तिचा हिशोब तिथेच संपवायचा आणि पुढचे सगळे दुसऱ्याच्या खात्यात टाकायचे, ही व्यापाऱ्याची रीत नव्हे.

शिवाय वडी म्हणजे काय? धान्याचा भरडा आणि मेण. ते अन्न आहे, आणि त्याने उंदीर पळत नाही, बोलावला जातो. ज्या बोनेटखाली कालपर्यंत फक्त ऊब होती तिथे आज जेवणही मांडले. उंदराला साठवण्याची सवय असते. वडी जागेवर न खाता तो ती उचलून नेतो. म्हणूनच ही वडी तारेत ओवून, झाकणाच्या पेटीत, भिंतीलगत ठेवायची असते. सुटी ठेवलेली वडी एअर फिल्टरच्या डब्यात सापडते, सीटच्या फटीत सापडते, आणि गाडी खड्ड्यातून गेली की अंगणात पडलेली सापडते. रंगाने ती गुलाबी किंवा निळी असते, दिसायला मिठाईसारखी. लेकराच्या हाती ती लागली तर व्हिटॅमिन के हा उतारा आहे खरा, पण तो आठवडेच्या आठवडे द्यावा लागतो आणि आधी कुणाच्या तरी लक्षात यावे लागते की लेकराने काय खाल्ले. विषाची काळी पूड म्हणजे झिंक फॉस्फाईड. पोटातल्या आम्लाशी गाठ पडताच तिच्यापासून फॉस्फिन वायू तयार होतो आणि त्याला उतारा नाही. पिवळ्या फॉस्फरसच्या मलमाने यकृत निकामी होते आणि त्यालाही उतारा नाही. या वस्तू ज्या गाडीत शाळेची दप्तरे ठेवली जातात तिच्यात ठेवायच्या, आणि ठेवणाऱ्याने स्वतःला व्यवहारी म्हणवून घ्यायचे!

वाडवडिलांचा दाखला द्यायचा तर पुरता द्यावा. जुना शेतकरी वावरात विष घालायचा तेव्हा आदल्या दिवशी सगळी बिळे बुजवायचा आणि सकाळी कोणती उकरली गेली ते पाहायचा. त्या बिळांत आधी तेल लावलेले साधे धान्य टाकायचा, उंदराला चटक लावायचा, आणि मगच विषाचे आमिष थेट बिळाच्या आत सोडायचा. नंतर मेलेले उंदीर गोळा करून पुरायचा. त्या कामाला शिस्त होती. वडी बोनेटखाली फेकून झोपायला जाणाऱ्याने त्या शिस्तीचे नाव घेऊ नये.

आणि मारून संपले असे होते का? व्हिएतनाममधल्या हनोई शहरात १९०२ साली फ्रेंच अंमलदारांनी प्रत्येक उंदराच्या शेपटीमागे बक्षीस लावले. शेपट्यांचे ढीग जमले. पुढे कळले की लोक शेपटी कापून उंदीर सोडून देत होते आणि काही जण तर उंदीर पाळू लागले होते. मोजणी मेलेल्यांची करायची आणि जिवंतांना पोसणारी परिस्थिती तशीच ठेवायची, याचा तोच शेवट होतो. गाडीतला एक उंदीर मेला तरी त्याच्या मुताचा वास, त्याची वाट, त्याचे घरटे तिथेच राहते. त्या वाटेने दुसरा येतो. घरउंदराची मादी तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी पाच-सहा पिल्ले देते. विषाच्या वडीला ही शर्यत कधीच जिंकता येणार नाही.

मेलेल्या उंदराची भीती मराठवाड्याला शिकवायची गरज पडू नये. गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. १९९४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या मामला गावात गाठीचा प्लेग निघाला. त्याआधी ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झालेला. पडक्या, सोडलेल्या घरांत धान्य राहिले आणि उंदीर माजले, असा संबंध तेव्हा जाणकारांनी लावला. प्लेगचा जुना धडा असा आहे की उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा गार पडलेले शरीर सोडून दुसरे ऊबदार शरीर शोधतात. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने पिसवांचा हा हात १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिला. म्हणून प्लेगच्या मोहिमेत आधी बिळांत कीटकनाशक धुरळून पिसवा मारतात आणि मग उंदीर. आज आमच्याकडे प्लेग नाही, ही आनंदाची गोष्ट. पण बंद गाडीत उंदीर मारून त्याच हवेत बसणे, हा व्यवहार कोणत्याही काळात शहाणपणाचा नाही.

शिवाय हे विष उंदराच्या शत्रूंनाही मारते. बिनविषारी धामण बिळात शिरून उंदीर खाते; गव्हाणी घुबड रात्रभर तेच काम करते. आम्ही धामण दिसली की काठी उचलतो, घुबडाला अपशकुनी ठरवून हाकलतो आणि मग उंदीर वाढले म्हणून विष आणतो. ब्रोमॅडिओलोन खाऊन लडखडणारा उंदीर पकडायला सोपा, म्हणून घुबड आणि मांजर त्याच्यावरच झडप घालतात, आणि विष त्यांच्या पोटात जाते. फुकट राबणारा राखणदार मारून आपण पगारी वैरी ठेवतो. चिचुंद्रीचेही तसेच. ती उंदीर नाही, ती किडे खाते, वायर कुरतडत नाही. वडीने मात्र तीही मरते.

आता माझ्या बाजूचे. कुणी म्हणेल, मग उंदरावर दया करायची का? मुळीच नाही. गाडीतला उंदीर घालवलाच पाहिजे. कुरतडलेल्या वायरीतून शॉर्ट सर्किट होते, घरट्याचा कापूस तापत्या नळीला लागून पेटू शकतो, आणि चाकाजवळची एबीएसची वायर तुटलेली गाडी समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या वेगाने नेणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. पण उंदीर गाडीत का येतो, याचे उत्तर आधी द्यावे लागते. ऑक्टोबरात सोयाबीन निघते, त्यापाठोपाठ तूर, मग हरभरा आणि गहू. वावर मोकळे झाले की तिथले उंदीर घराकडे सरकतात. घराच्या शेडमध्ये पोती, ढेप, सरकी, कडबा. त्यांच्या शेजारी दिवसेंदिवस उभी असलेली गाडी, कारण ती चालवणारा लेक पुण्याला किंवा संभाजीनगरला नोकरीला. अन्न पलीकडे, घर अलीकडे. उंदराला दुसरे काय हवे?

म्हणून पहिले काम गाडीची जागा बदलण्याचे. पोत्यांपासून, कडब्यापासून, भिंतीपासून दूर, मोकळ्या फरशीवर गाडी लावावी. थंडीत गरम इंजिनाची ऊब उंदराला ओढून आणते, त्यामुळे नुसती रोज चालवून भागत नाही; रात्री बोनेट वर करून ठेवले की आडोसा जातो. गाडीत खाल्लेल्या चिवड्याचे, शेंगदाण्याचे कण तिथल्या तिथे झाडावेत.

दुसरे काम जाळीचे. लहान उंदीर ६ मिलीमीटरच्या फटीतून आत येतो. वायपरखाली बाहेरची हवा आत घेणारे जे तोंड असते, त्याला त्याहून बारीक लोखंडी जाळी फिटरकडून बसवून घ्यावी. पाणी निघायची भोके मात्र बुजवू नयेत. तिसरे काम पिंजऱ्याचे किंवा चापाचे. तो बोनेटखाली नव्हे, शेडच्या भिंतीलगत लावावा आणि त्यात भज्याचा तुकडा ठेवावा. चिकट फळी लावू नये, ती छळ आहे. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. ब्लीचिंगच्या पाण्याने भिजवून, हातमोजे घालून पुसाव्यात, कारण उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. विम्यात हे नुकसान बसते का, ते कंपनीगणिक बदलते. कागद आताच वाचून घ्यावा.

यात महाग असे काही नाही आणि पुण्या-मुंबईचे तर काहीच नाही. कणगीला शेण-मातीने लिंपणारी, पोती लाकडी फळीवर ठेवणारी, धान्याला उन्हे दाखवणारी माणसे याच जिल्ह्यातली होती. उंदराला अन्न आणि आडोसा मिळू द्यायचा नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. वाचकांना एवढीच विनंती की बोनेटखाली वडी ठेवलेली असेल तर आजच हातमोजा घालून ती काढा, लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी नीट पुरा, आणि गाडी ढेपेच्या पोत्यांपासून दूर लावा.