वाट वाकडी करून : कुंडीतली चारशे वर्षं

भारतातून आई-वडील आले की वॉशिंग्टनची फेरी ठरलेलीच. व्हाइट हाउस, लिंकन मेमोरियल, स्मिथसोनियन, आणि एप्रिलच्या सुमारास आलात तर चेरीचा बहर. एवढं होईतो सगळ्यांचे पाय बोलू लागतात. तरीही अर्धा दिवस राखून ठेवा आणि शहराच्या ईशान्येला नॅशनल आर्बोरेटममध्ये जा. ४४६ एकरांची सरकारी बाग आहे, तिकीट नाही. मेट्रोचं स्टेशन मात्र जवळ नाही, गाडी हवी.

तिथे बोन्सायचं संग्रहालय आहे. १९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली, तेव्हा जपानहून ५३ बोन्साय भेट आली आणि त्यातून ते उभं राहिलं. मराठीत आपण ‘वामनवृक्ष’ म्हणतो, त्यामुळे झाडाची जातच बुटकी असावी असं वाटतं. तसं नाही. झाडं नेहमीचीच – पाइन, मेपल, जुनिपर. जमिनीत लावली तर चांगली उंच होतील. कुंडी उथळ, दर काही वर्षांनी झाड बाहेर काढून मुळं छाटायची, माती बदलायची, फांद्यांना तार गुंडाळून वळण द्यायचं. उन्हाळ्यात पाण्याचा एक दिवस चुकला तरी झाड हातचं जाऊ शकतं.

इथला एक पांढरा पाइन १६२५ पासून असा जपला गेलाय. शिवाजीमहाराजांचा जन्म १६३० चा, म्हणजे हिशेब करा! हे झाड हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाचं. ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला तो त्यांच्या घरापासून साधारण तीन किलोमीटरवर. घराच्या काचा फुटल्या, माणसांना त्या लागल्या. झाडं उंच भिंतीच्या आड होती, ती वाचली. पुढे ३१ वर्षांनी मासारू यामाकींनी हेच झाड अमेरिकेला दिलं, आणि ते कशातून वाचलंय हे इथे कोणालाच कळलं नाही. २००१ मध्ये त्यांचे दोन नातू आजोबांचं झाड बघायला आले, तेव्हा त्याला पंचवीस वर्षं पाणी घालणाऱ्यांना ती हकीकत कळली!

इकेबानाचं प्रदर्शन लागलेलं असेल तर तेही चुकवू नका. बुद्धापुढे फुलं वाहण्याच्या रीतीतून ही कला वाढली, म्हणजे मूळ धागा आपल्याकडचाच. पण आपल्या हारात फूल फुलाला खेटून असतं. इथे तीन मुख्य काड्या, कमी-जास्त उंचीच्या, आणि त्यांच्यामधली मोकळी जागासुद्धा विचार करून सोडलेली. चार दिवसांत सगळं कोमेजणार हे ठाऊक असूनही!

जाताना वेळ आधी बघून घ्या. संग्रहालय बागेच्या आधी बंद होतं. आजी-आजोबांबरोबर मुलांनाही न्या. हिरोशिमाची गोष्ट मात्र गाडीत सांगू नका, त्या झाडासमोर उभं राहून सांगा. मराठीतून.