सर्पगंधा आणि रक्तदाबाची वही

सर्पगंधेचे रक्तदाबावरील कार्य मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधून जगापुढे मांडले. याचा आम्हा वैद्यांस अभिमान वाटतो, आणि तो रास्तही आहे. परंतु सर्पगंधेने चित्त शांत होते, झोप लागते, आणि रुग्ण समजतो की दाब उतरला! पुण्याच्या पेठांत चिठ्ठीवाचून गोळ्या मागणारे असे रुग्ण आम्ही नित्य पाहतो. वाढलेला दाब बहुधा कोणतेही लक्षण न दाखविता हृदय, मेंदू, वृक्क व नेत्र यांची हानी करीत राहतो. नाडीपरीक्षेने दोषांचे ज्ञान होईल, दाबाचा आकडा कळणार नाही.

म्हणून प्रत्येक रक्तदाबाच्या रुग्णाच्या घरी दंडाला बांधावयाचे यंत्र व एक वही असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. (मनगटावरील यंत्रे तितकीशी भरवशाची नसतात, औषधविक्रेत्यांनी त्यांचा आग्रह धरू नये.) पाच मिनिटे स्वस्थ बसून, पाठ टेकून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून सकाळ-सायंकाळ दोनदा मोजावे. घरची सरासरी १३५/८५ वा अधिक आल्यास दाब उच्चच समजावा. १८०/१२० च्या वर जाऊन छातीत दुखू लागल्यास वा वाचा अडखळल्यास काढ्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

वही न पाहताच चालू ॲलोपॅथिक गोळी बंद करविणारे आपल्यातही आहेत. विक्रेत्यांनीही चिठ्ठी पाहिल्यावाचून सर्पगंधेची दुसरी डबी देऊ नये.