निरोप्याची नोंदवही

म्हैसूरचे चिक्कदेवराज वडेयार (राजवट १६७३ ते १७०४) यांनी उभारलेली ‘अंचे’ ही टपालव्यवस्था इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. म्हैसूर दरबारी ब्रिटिश रेसिडेंट राहिलेले मार्क विल्क्स यांनी तिच्याविषयी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे: टपालाचा प्रमुख हा बहुधा दरबाराचा विश्वासू माणूस असे आणि मुलखातील गुप्त घडामोडी वर कळवीत असे. १८८९ मध्ये अंचे ब्रिटिश टपालखात्यात विलीन झाली. पत्र नेणाऱ्यावर किती विसंबावे, हा प्रश्न मात्र उरला.

त्याच म्हैसुरातील संगणक क्षेत्रातले तरुण आज ‘कोणते व्हीपीएन घ्यावे?’ असे विचारतात, तेव्हा बहुतेकांच्या मनात परदेशी मालिका असतात. त्यांचे सोडा, प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक विकले जातात आणि कंपन्या अशा वाटा हुडकून बंद करीत असतात. खासगीपणाचा मुद्दा गंभीर आहे. व्हीपीएन आपला व्यवहार इंटरनेट पुरवठादारापासून लपवते, स्वतःपासून नव्हे. आपण फक्त निरोप्या बदलतो. फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलेले ‘ओनावो’ हे मोफत व्हीपीएन संरक्षणाची ग्वाही देत असे, आणि लोक कोणती ॲप किती वापरतात हे मालकाला कळवीत असे. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने त्यापायी फेसबुकच्या उपकंपन्यांना दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. याउलट त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्वीडिश पोलीस झडतीचे वॉरंट घेऊन ‘मुलवाड’च्या कार्यालयात गेले आणि रिकाम्या हाती परतले; ग्राहकांच्या नोंदी तेथे ठेवल्याच जात नव्हत्या. निवडीची खरी कसोटी हीच.

आपल्याकडे ती कसोटी उतरणे नियमानेच अशक्य करून ठेवले आहे. ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपनीने ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, दूरध्वनी, त्याला दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचा हेतूसुद्धा, सेवा संपल्यावरही पाच वर्षे जपायचा. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला यातून सूट आहे. म्हणजे अभियंत्याला कार्यालयात मिळणारी मुभा घरी परतल्यावर संपते! नॉर्ड, एक्स्प्रेस, सर्फशार्क, प्रोटॉन यांनी भारतातील सर्व्हर काढून घेतले. तपास यंत्रणांच्या हाती जे थोडेफार लागले असते, तेही देशाबाहेर गेले.

गुन्ह्याच्या तपासाला नोंदी लागतात, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु प्रशासनातील माझा अनुभव असा, की ‘असू द्यावी’ म्हणून सर्वांची ठेवलेली नोंदवही तपासापेक्षा गळतीलाच अधिक उपयोगी पडते. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. त्यावर घातलेले बंधन उद्दिष्टाच्या प्रमाणात असावे, हेही त्याच निकालातले. सरसकट पाच वर्षांची सक्ती त्या मापात बसत नाही. ठरावीक संशयिताची माहिती लेखी आदेशाने मिळवण्याची तरतूद माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २००९ च्या नियमांत आहेच. त्या आदेशांचे पुनर्विलोकन करणारी समिती मात्र केवळ सचिवांची आहे. तीत एक निवृत्त न्यायाधीश बसवावा आणि २०२२ चे नोंदवहीचे कलम मागे घ्यावे.